फणीचे अर्थ मोजताना

अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला २०२१-२२ पासून परवानगी मिळाली, मराठी पाट्यांचा प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून मुंबईत जिथे चार मराठी माणसे जमतात तिथे एक जुना वाद नव्या दमाने चालतो: ही भाषा यंत्राजवळ, वर्कशॉपमध्ये, प्रयोगशाळेत चालेल का? एका पक्षाचे म्हणणे असे की मराठीत शब्दच नाहीत. केस विंचरायची ती फणी, केळ्यांची ती फणी, मागावरची तीही फणी; एकाच शब्दाला इतकी कामे लावणाऱ्या भाषेत नेमके कसे बोलायचे? दुसरा पक्ष हा आरोप मनातून मान्य करतो आणि उपाय सांगतो, की मग प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द घडवू. मागावरच्या फणीला ‘तंतुविभाजक’ म्हणू, केळ्यांच्या फणीला ‘फलगुच्छ’ म्हणू, आणि गोंधळ मिटवू.

दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या पायावर उभे आहेत. एका शब्दाला एकच अर्थ असला तरच भाषा नेमकी होते, असे दोघेही धरून चालले आहेत. माझे म्हणणे उलट आहे. फणीला अनेक अर्थ आहेत कारण ज्या लोकांनी हातांनी कामे केली, त्यांनी एक आकार ओळखला आणि तो जिथे जिथे दिसला तिथे त्याला तेच नाव दिले. त्या त्या धंद्यात तो शब्द कमालीचा काटेकोर आहे. तांत्रिक मराठी उभी करायची असेल तर सुरुवात अशा शब्दांपासून व्हायला हवी. संस्कृत धातू किंवा इंग्रजी उसनवारी त्यानंतर.

केसांपासूनच पाहू. शहरी बोलण्यात आता कंगवा आणि फणी एकच झाले आहेत, पण ते एक नव्हेत. कंगव्याला दातांची एकच ओळ असते, दात लांब आणि विरळ, काम गुंता सोडवण्याचे आणि भांग पाडण्याचे. जुनी फणी लाकडाची किंवा शिंगाची, मधे कणा आणि दोन्ही बाजूंना दात, त्यातली एक बाजू इतकी दाट की तिच्यातून केस जातो पण ऊ जात नाही. लिखा काढायला तर दातांमधली फट मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच लागते. फट मोठी असली की उवा निघतात, केसाला चिकटलेल्या लिखा मागे राहतात आणि आठ-दहा दिवसांत डोके पुन्हा भरते. म्हणून केस ओले करून, बटा पाडून, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची, प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसायची, आणि दर तीन-चार दिवसांनी असे दोन आठवडे करायचे. शाळेतल्या पालकांसाठी आरोग्याचे पत्रक लिहायचे झाले तर आजचा लेखक ‘बारीक दातांचा विशेष कंगवा’ असे लिहील. ‘फणी’ हा शब्द हाताशी असताना! हरतालिकेच्या पूजेच्या पुडीत आजही आरसा, गळेसरी आणि बांगड्यांसोबत बोटभर फणी येते. दादरच्या फुलबाजाराबाहेर ती मिळते आणि विकणारी तिला कंगवा म्हणत नाही. शब्द जिवंत आहे. आपण त्यातला फरक तेवढा सांडून टाकला.

आता माग. वादात सर्वात जास्त बदनाम झालेला अर्थ हाच आहे आणि सर्वात नेमकाही हाच. मागावरची फणी म्हणजे पोलादी पट्ट्यांची उभी ओळ, वरखाली दोन पट्ट्यांत घट्ट बसवलेली. पूर्वी या पट्ट्या बोरूच्या किंवा बांबूच्या असत. तिची कामे तीन. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ठरलेल्या अंतरावर ठेवणे, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला पाठीमागून वाट देणे, आणि प्रत्येक फेकीनंतर बाण्याचा धागा कापडाच्या कडेला ठोकून बसवणे. ताण्याचा प्रत्येक धागा आधी वयीच्या, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीतल्या तारेच्या, डोळ्यातून जातो आणि मग चपट्या आकड्याने फणीच्या फटीतून ओढून घेतला जातो, साधारणपणे एका फटीत दोन. सुती मागांवर फणीचा नंबर दोन इंचांतल्या फटी मोजून सांगतात. साठ नंबरची फणी म्हणजे दोन इंचांत साठ फटी, इंचाला तीस. एका फटीत दोन धागे धरले की इंचाला साठ धागे. म्हणजे फणीचा नंबर ऐकताच कापडाची घनता कळते. फणीवरची रुंदी ४८ इंच असेल तर ताण्यात २,८८० धागे हवेत, हा हिशेब विणकर उभ्या उभ्या करतो.

आणि चुकते कुठे? ओढताना एका फटीत दोनऐवजी तीन धागे गेले तर कापडभर एक दाट उभी रेघ उमटते. एखादी फट रिकामी राहिली तर तिथे विरळ चीर दिसते. एक दात वाकला की त्याच्या एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडची अरुंद होते. दाट आणि विरळ अशा जोडरेघा थानाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळतात, आणि रंगवल्यावर त्या अधिकच उठून दिसतात. मुंबईच्या पावसाळी हवेत फणी तेल न पुसता ठेवली तर दातांवर गंज चढतो, गंजाची धार धागा कापते, आणि ताणा तुटण्याचे कारण सुतात शोधत दिवस जातो. हे सगळे ज्ञान ‘फणी’ या दोन अक्षरांभोवती साठलेले आहे. ‘तंतुविभाजक’ म्हटल्याने त्यातले काय वाढते? उलट शब्द खोटा पडतो, कारण धागे वेगळे ठेवणे हे तिच्या तीन कामांपैकी फक्त एक. ठोकण्याचे मुख्य काम त्या नावात येतच नाही. घडवलेल्या शब्दांचा हा नेहमीचा दोष आहे. ते वस्तूची व्याख्या करायला जातात आणि अर्धीच करतात. फणी व्याख्या करत नाही, आकार दाखवते, आणि कामे शिकणाऱ्यावर सोपवते.

केळीच्या बागेतही तीच गोष्ट. एका घडात फण्या असतात आणि एका फणीत केळी. जळगावकडे घड भरायला लागला की वरच्या आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या बारक्या फण्या आणि केळफूल काढून टाकतात, म्हणजे उरलेल्या केळ्यांची लांबी आणि जाडी सारखी भरते. शेतीच्या सल्ल्यात हा शब्द असाच वापरतात आणि कुणाही शेतकऱ्याला तो समजावून द्यावा लागत नाही. इंग्रजीत हिलाच ‘हँड’ म्हणतात, म्हणजे हात, आणि केळ्यांना बोटे. इंग्रजीला पंजा दिसला, मराठीला दातांची ओळ दिसली. दोन्ही प्रतिमाच आहेत. मग एक शास्त्र आणि दुसरी बोलीभाषा, असे कोणत्या न्यायाने ठरवायचे?

शेतातच फणीचे थोरले भावंड आहे: फण. पेरणीच्या अवजाराला तीन फण असले की तिफण, दोन असले की दुफण. वर बी सोडायचे चाडे, चाड्यातून नळ्या, नळ्या फणाच्या मागे उतरलेल्या. ज्वारीला दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. ओल जास्त असताना पेरले की माती नळीच्या तोंडाशी चिकटते, बी अडते आणि ती ओळ मोकळीच जाते. पेरणारीचा हात चाड्यावर असतो, पण नळी तुंबलेली तिला कळत नाही, कळते ते आठवड्याने उगवण पाहून. ‘तिफण’ या शब्दात यंत्राची रचना आणि भागांची संख्या दोन्ही आहेत. असा शब्द समितीत बसून सुचायला कठीण.

या सगळ्यांत एकच चित्र आहे: एका कण्यातून निघालेल्या, समान अंतरावरच्या, समांतर टोकांची ओळ. नागाच्या पसरलेल्या फण्याशीही या शब्दाचे नाते आहे. (फणस मात्र या घरातला नव्हे. तो संस्कृतातल्या ‘पनस’वरून आला, नुसता आवाज जुळतो म्हणून नाते जोडायचे नसते.) आणि हे चित्र आजचे नाही. पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंनी केस चापूनचोपून बसवू नयेत असा नियम आहे. त्यात ‘फणक’ म्हणजे फणी येते आणि लगेच पुढे ‘हत्थफणक’ येतो, म्हणजे फणी म्हणून वापरलेली हाताची बोटे. बोरिवलीच्या पलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत जे भिक्षू राहिले त्यांच्या शास्त्रात शब्दाचा हा विस्तार होऊन गेलेला होता. मराठीबाहेर पाहिले तरी तेच. हिंदीत मागावरच्या फणीला कंघी म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘पेन्य’ आणि स्पॅनिशमध्ये ‘पेइने’ हे शब्द केसांच्या फणीलाही चालतात आणि मागाच्याही. फ्रान्समध्ये विणकामाचे शास्त्र या एका शब्दामुळे अडले, असे कुणी म्हणेल का?

आता विरुद्ध बाजूचे खरे बळ कुठे आहे ते मान्य करायला हवे. कायदा, औषध, निविदा, करार या ठिकाणी ‘संदर्भावरून कळते’ हे उत्तर पुरत नाही. ‘फणी, ५०० नग’ एवढेच लिहिलेल्या मागणीपत्रावर कोणता माल येईल याची खात्री कोण देणार? आक्षेप रास्त आहे. पण व्यवहार त्याचा उपाय कसा करतो ते पाहा. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केस विंचरण्याच्या फण्या ९६१५ या शीर्षकाखाली येतात, मागाच्या फण्या ८४४८ खाली इतर सुट्या भागांसोबत, आणि केळी ०८०३ खाली. तिथे नेमकेपणा येतो तो प्रकरणामुळे, शीर्षकामुळे, सोबतच्या शब्दांमुळे. ‘मागाची फणी, साठ नंबर, ४८ इंच’ असे लिहिले की ५०० नगांत एकही चुकीचा येणार नाही. नवा शब्द घडवूनही नंबर आणि रुंदी लिहिली नाही तर माल चुकणारच. दोष शब्दात नाही, अपुऱ्या लिखाणात आहे.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न ठाऊक होता आणि ते त्याला घाबरले नाहीत. ‘सैंधव आण’ हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले: सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. पानावर बसलेल्याने म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघालेल्याने म्हटले तर घोडा. यावरून कुणी ‘सैंधव’ शब्द रद्द करा असे म्हटले नाही. अर्थ ठरतो कसा, याचे नियम शोधले. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात तर ‘नानार्थवर्ग’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. एकट्या ‘हरि’ शब्दाखाली विष्णू, इंद्र, सिंह, वानर, पोपट, साप, बेडूक असे कितीतरी अर्थ ओळीने दिले आहेत. अनेक अर्थ असणे ही त्या कोशाला नोंदवण्याची गोष्ट वाटली, लपवण्याची नाही. १८३१ साली मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तयार झाला, त्यातही एका शब्दाखाली क्रमांक घालून अर्थ मांडण्याचीच पद्धत आहे.

आणि ज्या इंग्रजी शब्दाला नेमका म्हणून पुढे करतात, त्याची स्थिती काय? मागाच्या फणीला इंग्रजीत ‘रीड’ म्हणतात. रीड म्हणजे पाणथळीतला बोरू. रीड म्हणजे पेटीच्या आत वाजणारी पितळी पट्टी. रीड म्हणजे सनईसारख्या वाद्याची जिव्हाळी. आणि रीड म्हणजे मागाची फणी. चार अर्थ, त्यातला शेवटचा पहिल्यावरून आलेला, कारण त्या वेळी दात बोरूचेच असत. शंभर वर्षांहून जास्त काळ दात पोलादाचे आहेत, तरी वस्त्रोद्योगाच्या इंग्रजी पुस्तकांतून ‘रीड’ हटला नाही. उलट इंग्रजी ‘कोंब’ हा शब्द मधमाश्यांच्या पोळ्यालाही लागतो आणि कोंबड्याच्या तुऱ्यालाही. मराठीत तिथे पोळे आणि तुरा हे वेगळे शब्द आहेत. या मोजणीत मराठी अधिक नेमकी ठरते! पण मी तो दावा करणार नाही, कारण अशी मोजणीच फसवी आहे. प्रत्येक भाषा कुठे जोडते आणि कुठे तोडते हे तिच्या लोकांच्या कामांवरून ठरते.

गोंधळ खरोखर होतो तो अर्थ अनेक असल्याने नव्हे, शब्द अनोळखी झाल्याने. मे २०१९ मध्ये पुरीजवळ धडकलेल्या चक्रीवादळाचे नाव बांगलादेशाने सुचवले होते. अर्थ नागाचा फणा, बंगाली उच्चार ‘फोनी’ला जवळचा. ते नाव रोमन लिपीतून आपल्याकडे आले आणि मराठीत ‘फनी’, ‘फॅनी’, ‘फानी’, ‘फोनी’ अशी रूपे दिसू लागली. आपल्याच घरातला शब्द परक्या स्पेलिंगमधून वाचला म्हणून ओळखता आला नाही.

शब्द घडवणाऱ्यांच्या बाजूनेही एक भक्कम पुरावा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी पदनामांना संस्कृत पर्याय मिळाले. सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला. साडेतीनशे वर्षांनी नरिमन पॉइंटजवळच्या मंत्रालयात सचिव आणि मंत्री दोन्ही बसतात. ‘महापौर’ हा घडवलेला शब्द मुंबईच्या महापालिकेत इतका रुजला की तो घडवलेला आहे हे बोलताना जाणवतही नाही. म्हणजे घडवलेले शब्द रुजतच नाहीत, हे खोटे. पण रुजले कोणते? पदांची आणि संस्थांची नावे, जी राज्य देते आणि राज्यच वापरते. त्याच वेळी ‘पेशवा’ला ‘पंतप्रधान’ हा पर्याय दिला होता. पुढच्या शतकात राज्य चालवले ते पेशव्यांनी, आणि लोकांनी त्यांना त्याच नावाने ओळखले. कारकून, जमीन, सरकार, दरबार तर हललेच नाहीत. पद बदलणे हुकुमाने होते. हाताच्या कामाचे नाव हुकुमाने बदलत नाही, कारण ते नाव काम शिकवताना उस्ताद शिष्याला देतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच्या पदनामांना यश आले आणि तांत्रिक शब्दांपैकी पुष्कळसे कोशातच राहिले, यामागे माझ्या मते हेच कारण आहे.

शेवटचा आक्षेप सर्वात अवघड आहे. धंद्यांचे शब्द एकसारखे नाहीत. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या मागांवर एकाच भागाला वेगवेगळी नावे मिळतील. भिवंडीत आणि मालेगावात बोलणेच बरेचसे उर्दू-हिंदीत चालते. शिवाय हे शब्द साळी, कोष्टी, मोमीन अशा विणकर समाजांत वाढले, आणि लिहिणारा वर्ग त्यांच्यापासून दूर राहिला. म्हणून ते पुस्तकात आले नाहीत. आज कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवणे कष्टाचे आहे. ते नाकारता येत नाही. पण हा कष्ट टाळून शब्द घडवायला बसणे म्हणजे विहिरीत पाणी आहे का ते न पाहताच टँकर मागवणे. तीन गावांत तीन शब्द निघाले तर जास्त पसरलेला निवडावा आणि इतर दोन कोशात सोबत नोंदवावेत. फणीच्या बाबतीत तर तेवढाही त्रास नाही. एकीकडे फणी आणि दुसरीकडे कंघी, दोन्हींत चित्र एकच आहे.

मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज दिसणारे एक उदाहरण पाहा. पोलिसांनी वस्तीत किंवा जंगलात शोध घेतला की बातमी येते, ‘कोम्बिंग ऑपरेशन’. इंग्रजीत ती फणीचीच प्रतिमा आहे. पण मराठीत याच कामाला कधीपासूनचा शब्द आहे: परिसर पिंजून काढला. पिंजाऱ्याच्या धनुकलीखाली कापसाचा प्रत्येक तंतू सुटा होतो आणि लपलेली सरकी, कचरा बाहेर पडतो, तसा शोध. कापूस पिंजणे आणि मग तो विंचरून आखूड तंतू काढणे या सूतगिरणीतल्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीला ‘कार्डिंग’ आणि दुसरीला ‘कोंबिंग’ म्हणतात. पिंजण्यात तंतू सुटे होतात, पण आखूड-लांब एकत्रच राहतात. विंचरण्यात आखूड तंतू गाळले जातात, मालाचे वजन त्यामुळे शेकडा बारा ते अठराने घटते, आणि उरलेल्या लांब तंतूंचे सूत गुळगुळीत आणि मजबूत निघते. टी-शर्टाच्या लेबलावर ‘कोंब्ड कॉटन’ लिहिलेले असते ते हेच, आणि तो महाग का, याचे उत्तर त्या गाळलेल्या तंतूंत आहे. मराठीत ‘पिंजलेले’ आणि ‘विंचरलेले’ सूत म्हटले की दोन पायऱ्यांतला फरक दहावीच्या मुलालाही न शिकवता अर्धा कळतो. मग पाठ्यपुस्तकात ‘कार्डित’ आणि ‘कोंबित’ कशाला हवे?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारते आहे. १८५४ साली ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी निघाली तिथपासून १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत आणि त्यापुढे, ज्या लोकांनी हे माग चालवले त्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी लोक मोठ्या संख्येने होते. विणकामाचे खाते होते साळखाते, माग होता साचा, आणि तो चालवणारा साचेवाला. यातले अनेकजण आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काहींना मागासमोर उभे करून एकेका भागाला हात लावून नाव विचारता येईल. ही कामगिरी एका पावसाळ्यात होईल, आणि दहा वर्षांनी होणारच नाही. निघालेला शब्द पाटीवर मोठा लिहावा, खाली इंग्रजी लहान: फणी, धोटा, वयी, कांडी, ताणा, बाणा. फणीच्या पाटीवर तिचा नंबर लिहावा, दोन इंचांतल्या फटी कशा मोजतात ते लिहावे, आणि शेजारी वाकलेल्या दाताने बिघडलेल्या कापडाचा एक तुकडा लावावा, म्हणजे ती उभी जोडरेघ पाहणाऱ्याला बोटाने दाखवता येईल.